आजोबांच्या खांद्यावरचं ब्लँकेट

दि. ३ जून

चि. सौ. साळूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. अक्षर कॉलेजात होतं त्याहून बिघडलंय. पण ऑफिसच्या डॉक्टरीणबाईंनी कामाबाहेर पडद्याकडे बघायचं नाही असा दम भरला, त्यामुळे का होईना, तुला आत्या आठवली. त्या बाईंना माझा नमस्कार सांग. मलाही सध्या कागदच सोयीचा आहे. फोन फुग्याने लावून दिलेला, त्यात काय येतं-जातं ते माझ्याआधी त्याला कळतं. आणि आज जे लिहायचंय ते त्याच्याविषयीच आहे.

माझं ठीक चाललंय. गुडघा कुरकुरतो, मी त्याच्याकडे लक्ष देत नाही. हॉस्पिटल सुटलं तरी गल्लीतली माणसं मला अजून मेट्रनबाईच म्हणतात आणि खोकला झाला की माझंच दार ठोठावतात. मीही त्यांना तपासल्याखेरीज सोडत नाही.

आता चिरंजीवांविषयी. हिवाळ्यापासून त्याचं लग्नाच्या व्हिडिओंचं काम आटलं होतं. ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरा. मग एडिटिंगला पैसे कोण देणार? पुढच्या खोलीत दाढी वाढवून बसायचा. विचारलं तर फुगायचा, लहानपणी फुगायचा तसाच. गेल्या महिन्यात मात्र एकदम शीळ घालत आंघोळीला गेला. म्हणाला, परदेशातल्या एका मदत पथकाला त्याचं काम आवडलंय. त्यांच्यातल्या कोणा वरिष्ठ संकलकाने त्याचे जुने व्हिडिओ बघून लिहिलं की असे हात वाया जाता कामा नयेत, तिकीट पाठवतो, इकडे या.

मी खूश झाले, खोटं कशाला बोलू? मग त्याने मला त्यांची एक क्लिप दाखवली. उद्ध्वस्त गाव आहे, थंडी आहे. तोंडाला फडकं बांधलेला एक तरुण एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या खांद्यावर ब्लँकेट घालतो आणि ते ढसाढसा रडतात. मागे पुरुषांच्या भरदार आवाजातलं गाणं आहे. साळू, मी उभा जन्म वॉर्डात काढला, मला सहसा काही होत नाही. पण माझा गळा दाटला. लगेच स्वतःचा रागही आला, का ते कळेना.

नंतर मी पुन्हा पाहिली. ब्लँकेट वाटणाऱ्याच्या पाठीला बंदूक आहे. फुग्या म्हणाला, आई, तिथे युद्ध चालू आहे, फुलदाणी घेऊन कसे फिरतील? ज्या गाडीतून ब्लँकेटं उतरली तिच्या दारावर पांढरं पान काढलेलं आहे, तीन शिरांचं. हे चिन्ह कुठे पाहिलं नाही म्हणून तुला विचारते. लोक इंटरनेटवर जे टाकतात त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, हेच तर तुझं दिवसभराचं काम. ही मंडळी बरी आहेत का?

दादाला माझ्या या शंकेबद्दल बोलू नकोस, तो गावभर करेल. त्याच्यावरून आठवलं. परवा फुग्याने तुझ्या लग्नाचा व्हिडिओ लावला होता. निरोपाच्या वेळी तुझा बाप डोळे पुसतो, व्हायोलिन वाजतं, आणि शेजारीण पुन्हा रडली. तिला अजून कोणी सांगितलेलं नाही की दादा रडलाच नव्हता, जेवणाच्या मांडवात हाराच्या वासाने त्याला शिंक आली होती. चिरंजीवांनी मधली शिंक उडवली, आधीचे आणि नंतरचे ओले डोळे उचलून निरोपात नेऊन बसवले. दादाही आता आपण रडलो होतो असंच समजतो.

उत्तर लवकर पाठव. लोभ आहेच, पत्राला उशीर केलास तर कमी करीन.

तुझी,
आत्या

दि. ९ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी लिहायला बसले आहे. तीन शिरांचं पान वाचलं आणि कागद खाली ठेवून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

आत्या, फुग्याला जाऊ देऊ नकोस.

का, ते नीट सांगता येत नाही, आणि याला कारण माझा स्वभाव नाही. आम्ही आत जाताना फोन कपाटात ठेवतो, पेन-कागदही बाहेर. आत जे दिसतं ते बाहेर बोलणार नाही अशी सही नोकरीला लागतानाच करून दिली आहे. नवऱ्यालाही मी काही सांगत नाही. जेवताना मी गप्प झाले की तो आपणहून बागेतल्या मुंग्यांविषयी बोलायला लागतो, इतका शहाणा आहे.

सांगता येईल तेवढं सांगते. ते पान मला दोन प्रकारच्या व्हिडिओंत दिसतं. पहिल्या प्रकारात ते मोठं, झेंड्यावर असतं. ते व्हिडिओ आम्ही काढून टाकतो. काढले की दुसऱ्या नावाने परत येतात. त्यांत माणसांना मारताना दाखवतात, लोकांना दहशत बसावी म्हणूनच. दुसऱ्या प्रकारात पान लहान असतं, गाडीच्या दारावर, पोत्यावर, कधी अजिबात नसतं. नाव एखाद्या मदत पथकाचं. ब्लँकेटं, औषधं, मांजराचं पिल्लू कुरवाळणारा पोरगा. त्यात रक्त नाही, शिवी नाही, मग आमच्या नियमांत ते बसत नाहीत आणि राहून जातात. माणसं एकच आहेत. पहिल्याने घाबरवायचं, दुसऱ्याने बोलावून घ्यायचं. दुसऱ्यासाठी त्यांना चांगले हात लागतात. फुग्याचे हात चांगले आहेत, तिथे ते खोटं बोलत नाहीत.

तुझा गळा दाटला म्हणून स्वतःवर रागावू नकोस. आमच्या खोलीत नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशीच तिला शिकवतात: व्हिडिओ लहान चौकटीत बघायचा, रंग काढून, आवाज बंद करून. आवाज सगळ्यात आधी आत शिरतो, त्याच्यामागून रंग. दोन्ही काढले की नुसतं काय घडतंय तेवढं उरतं.

एक विनंती. त्याच्यावर ओरडू नकोस. तारा उपटू नकोस, कुलपं लावू नकोस. तुला मी ओळखते म्हणून लिहिते आहे.

बाबांना काही बोलले नाही. ते मजेत आहेत; गल्लीतल्या कुत्र्याला शिस्त लावायचा प्रयत्न चालला आहे, कुत्रा दाद देत नाही.

तुझा लोभ कमी व्हायला नको म्हणून हे पत्र आजच टाकते.

तुझी,
साळू

दि. १२ जून

चि. सौ. साळूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल दुपारी आलं. तारा मी परवा सकाळीच उपटल्या होत्या.

त्याचा कॉम्प्युटर कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. परिणाम व्हायचा तोच झाला. तो उठला, दोन कपडे घेतले आणि फोटो स्टुडिओवाल्या मित्राकडे राहायला गेला. जाताना म्हणाला की तू आयुष्यभर पेशंटना अंथरुणाला बांधून ठेवलंस, मी पेशंट नाही. मी कोणाला बांधून ठेवलं नाही. जे पडतील अशांच्या पलंगाला कठडे लावले. पण हे सांगायला तो थांबला नाही.

नंतर स्टुडिओत जाऊन आले. पंखा नाही, जाजमावर झोपतो. तिकीट आलं आहे, महिनाअखेरीचं. तू सांगितलेलं मी तुझं नाव न घेता त्याच्या कानावर घातलं, की ही माणसं गळे कापतात. तो हसला. त्याचं म्हणणं, ते खुनाचे व्हिडिओ त्यांच्या शत्रूंनी बनवलेत, झेंड्यावर पान काय कोणीही काढेल. मी विचारलं की मग गाडीवरचं पान तेवढं खरं, हे कशावरून? तर म्हणतो, आई, तू ते आजोबा पाहिलेस ना? एवढं रडणं कोणाला खोटं करता येईल का?

हे कोण म्हणतंय बघ!

तो आणखीही बोलला, ते तुला कळायला हवं. इथे लोक व्हिडिओ परत पाठवतात, का तर नवरी सावळी दिसते. पैसे बुडवतात, वर गाणं बदलून मागतात. तिकडे कोणीतरी त्याचा एकेक कट बघून लिहितं की हा तुम्ही कसा साधला. ते सांगताना त्याचा चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा होता. साळू, मी कधी त्याचा कट बघून काही म्हटलं नाही. मला कट दिसतच नाही. मला वाटायचं, दिसत नाही म्हणजे काम चांगलं आहे.

मी घाबरले आहे. एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस. पोलिसांत जावं असं दोनदा मनात आलं आणि दोनदा चपला घालून काढून ठेवल्या. आईने तक्रार केली म्हटल्यावर तो त्याच दिवशी निघेल, आणि मग त्याचा चेहरा मी कुठल्या क्लिपमध्ये शोधू?

काय करू ते सांग. मी सहसा कोणाला विचारत नाही हे तुला माहीत आहे.

आशीर्वाद आहेत, हवे तेवढे घे.

तुझी,
आत्या

दि. १५ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू विचारलंस, म्हणून धीर करून सांगते. किल्ली कमरेची काढ. कॉम्प्युटर होता तिथे ठेव, तारा जोड. जोडता येणार नाहीत, म्हणून त्यालाच बोलव. कुठली कुठे लागते ते मला कळत नाही असं सांग. ते खरंच आहे, त्यामुळे तुला अभिनय करावा लागणार नाही. तुझ्या अभिनयावर माझा विश्वास नाही.

मग त्याला म्हण की मला तुझं काम बघायला शिकव. वाद घालू नकोस, खुनाचं नाव काढू नकोस. ती आजोबांची क्लिप लावायला सांग आणि आमच्या खोलीत बघतात तशी बघा: लहान चौकट, रंग नाही, आवाज नाही. पुन्हा पुन्हा बघा. आणि एवढंच विचार की यात कट कुठे आहेत.

त्याला बाबांच्या शिंकेची आठवण मात्र करून देऊ नकोस, कितीही जिभेवर आली तरी. आपण सांगितलं की तो वाद घालणार. त्याचं त्याला दिसलं तर वाद घालायला समोर कोण असेल?

ते आजोबा माझ्या ओळखीचे आहेत. तुझ्या पहिल्या पत्रावरून शंका आली होती, म्हणून काल ऑफिसात ती क्लिप शोधून पाहिली. याहून जास्त लिहायची मला बंदी आहे. पण तुझ्याने नाही जमलं तर तार पाठवल्यासारखं दोन शब्द लिही, मी पहिल्या गाडीने येईन आणि त्याच्या समोर बसून सगळं बोलेन. मग नोकरी राहो की जावो.

जेवतेस ना? मेट्रनबाई दुसऱ्यांना ताटावर बसवतात आणि स्वतः उभ्याने चहा पितात, हे मी लहानपणापासून बघते आहे.

तुझ्या आशीर्वादातला थोडा वाटा परत पाठवते, सध्या तुला जास्त लागेल.

तुझी,
साळू

दि. १९ जून

चि. सौ. साळूस,
अ. उ. आ.

जमलं असं वाटतं. क्रमाने सांगते.

निरोप पाठवला तसा तो काल दुपारी आला. तोंड फुगलेलंच होतं. मी तारांचा गुंता त्याच्या पुढ्यात ठेवला. तो टेबलाखाली शिरला आणि तिथूनच म्हणाला की ह्या कोणी उपटल्या, हत्तीने? मी म्हटलं, मीच. पुढे काही बोलले नाही, हे तू लक्षात घे.

मग शिकव म्हटलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आलाय. पण खुर्ची ओढून दिली. रंग आणि आवाज काढ म्हटल्यावर म्हणाला की मग उरलं काय? मी म्हटलं, मी म्हातारी, एकदम सगळं झेपत नाही, आधी नुसतं बघू दे.

पहिल्यांदा बघितली तेव्हा तो कंटाळला होता. गाण्याशिवाय ती क्लिप इतकी लहान वाटली की मला वाटलं, मध्येच बंद पडली. तो तरुण ब्लँकेट घालतो आणि लगेच मान वळवून कॅमेऱ्यामागच्या कोणाकडे तरी बघतो, झालं का अशा नजरेने. ते मलासुद्धा दिसलं. फुग्या म्हणाला, नवखा आहे. पुन्हा लावली. मी विचारलं, कट कुठे आहेत? तो बोटाने दाखवायला लागला. हा एक, हा दुसरा. तिसऱ्याशी बोट थांबलं.

मग तो मला विसरला. एकेक चित्र पुढे-मागे करत बसला. मी चहा केला, तो निवला. शेवटी मला जवळ बोलावून दाखवलं. लांबून दिसतात तेव्हा आजोबांच्या खांद्यावर चौकड्यांचं ब्लँकेट आहे. चेहरा जवळून दिसतो, रडणं दिसतं, तेव्हा खांद्यावर काहीच नाही. नुसती सदऱ्याची कॉलर, तीही उसवलेली. लांबच्या चित्रात सावली एका बाजूला, जवळच्या चित्रात दुसऱ्या. लांबच्या चित्रात मागे मातीचा ढिगारा, जवळच्यात विटांची भिंत आणि तिच्यावरून गेलेला वाकडा पाइप. दोन्हींवर एकच सोनेरी झाक मारली होती आणि नेमकं तिथेच गाणं वर चढत होतं, म्हणून हे आधी दिसलं नाही. रंग-आवाज काढल्यावर ते दोन तुकडे दोन वेगळ्या दिवसांचे आहेत हे मलाही कळलं.

आता इथे मी एक वाक्य बोलले. तू मना केलेलं ते नव्हे, माझं. मी म्हटलं, फुग्या, हे रडणं मला माहीत आहे. गारठलेल्या माणसाला ब्लँकेट दिलं तर तो आधी ते गळ्यापर्यंत ओढून घेतो, देणाऱ्याकडे बघतसुद्धा नाही. असं कोणी रडत नाही. असं रडतात ते ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर, डॉक्टर बाहेर येऊन मान हलवतात तेव्हा. ब्लँकेट आम्ही त्याच्यानंतर घालतो.

त्याने तो चेहरा पुन्हा एकदा लावून पाहिला. मग म्हणाला, ही मामाची शिंक आहे.

साळू, मी जीभ चावून धरली होती ती सोडली.

तो रडला वगैरे नाही. आधी भडकला, तेही भलत्याच गोष्टीवर. सावलीचीसुद्धा काळजी घेतली नाही, काय समजतात आपल्याला, म्हणून टेबलावर हात आपटला. हीच क्लिप त्याला नमुना म्हणून पाठवली होती, असं काम हवं म्हणून. मग हळूहळू रंग उतरला. म्हणाला, मामाची शिंक मी जेवणाच्या मांडवातून उचलली. ह्यांनी हे रडणं कुठून उचललं? ते आजोबा समोर काय बघत होते?

मी म्हटलं, ते साळूला ठाऊक आहे, पण तिला बोलायची बंदी आहे. तेव्हा त्याला कळलं की गळे कापण्याची गोष्ट मला कुठून कळली होती. रात्री इथेच झोपला. तिकीट अजून फाडलेलं नाही. तुला चार ओळी लिहितो म्हणाला, दोनच लिहिल्या. सोबत पाठवते आहे. काय करायचं ते तू ठरव. मी तुला भरीस पाडणार नाही आणि अडवणारही नाही.

तुझी,
आत्या

ताईस सा. न.
ते आजोबा कशाकडे बघत होते? तू सांगितल्याशिवाय मला बाकी काही करता येणार नाही.
फुग्या

दि. २२ जून

चि. फुग्यास,
अ. आ.

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. हे लिहिण्याआधी मी आमच्या बाईंना, म्हणजे खोलीच्या मुख्य आहेत त्यांना, तोंडावर सांगितलं की मी सहीविरुद्ध वागणार आहे, का ते नंतर सांगेन. लपवून करायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, नंतर सगळं लिहून दे. त्यामुळे आता मोकळेपणी लिहिते.

ती विटांची भिंत मला पाठ आहे. वाकडा पाइपसुद्धा. तिच्यासमोर गावातल्या माणसांना उभं करून ठेवलेलं असतं आणि भिंतीशी काही तरुण गुडघ्यांवर बसवलेले असतात. झेंडा मोठा असतो. पुढचं मी लिहीत नाही, तुला कळलं. बघणाऱ्यांमध्ये ते आजोबा पहिल्या रांगेत आहेत. गुडघ्यांवर बसलेल्यांतला एक त्यांचा मुलगा. तो त्यांना हाक मारतो असं खाली लिहून येतं. मी आवाज ऐकत नाही.

तो व्हिडिओ आम्ही पुन्हा पुन्हा काढला आणि तो पुन्हा पुन्हा आला. दर वेळी बटण दाबण्याआधी मला ते आजोबा दिसत. त्यांना काय झालं असेल, आहेत की नाहीत, हे मनातून जात नसे. आणि आता कळलं की त्याच माणसांनी तोच चेहरा कापून घेतला, त्याखाली ब्लँकेट जोडलं, वर गाणं घातलं आणि तुला पाठवला. एकाच रडण्याने काहींना घाबरवायचं आणि काहींना जवळ ओढायचं. लांबच्या चित्रात ब्लँकेट घेणारे गृहस्थ दुसरेच कोणीतरी आहेत, नीट बघ, पाठमोरेच आहेत.

तू म्हणालास ना, शत्रूंनी बनवलेले व्हिडिओ म्हणून? तसं असतं तर हा चेहरा ह्यांच्याकडे कुठून आला असता? ज्याने तो टिपला त्याच्याकडेच मूळ चित्र असणार.

तुझ्या हाताची त्यांनी स्तुती केली ती खोटी नाही. बाबांची शिंक इतकी बेमालूम बसवणारा माणूस त्यांना हवाच होता. पण तू ती शिंक आम्ही हसावं, रडावं म्हणून बसवलीस, आणि ज्याची होती तो मांडवात समोर जेवत होता. तेवढाच फरक आहे. पण फुग्या, तो फरक तुझा आहे, तो त्यांना देऊ नकोस.

तिकिटाचं काय करायचं हे आता मी सांगत नाही. आईला सोबत घेऊन पोलिसांकडे जा एवढं मात्र सांगते. त्यांच्या क्लिपा, पत्रं, सगळं घेऊन जा, काही पुसू नकोस.

ताईवरचा राग असेल तर घरी येऊन काढ, जेवायला वाढीन.

तुझी,
ताई

दि. ६ जुलै

चि. सौ. साळूस,
अ. उ. आ.

आधी मुख्य ते लिहिते, नाहीतर तू पान उलटून शेवट वाचशील. तो गेला नाही. जाणार नाही. महिनाअखेर उलटून गेली आणि तो आत्ता पुढच्या खोलीत माझ्यावर ओरडतो आहे, का ते पुढे.

तुझं पत्र त्याने उभ्या उभ्या वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं, मला दाखवलं नाही. मी मागितलंही नाही. मग म्हणाला, आई, चपला घाल. पोलीस स्टेशनात त्याने स्वतः सगळं सांगितलं. तिकीट टेबलावर ठेवलं. मी बाजूला बसले होते. मध्येच तो अडखळला तेव्हा मी तोंड उघडलं, तर साहेबांनी मला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. मला! मी बसले. त्या बाकावर बसून इतरांचं काय होत असेल ते या वयात कळलं.

आत त्यांनी त्याला दिवसभर प्रश्न विचारले. संध्याकाळी साहेब बाहेर आले. तरुण आहेत, पाठ ताठ ठेवत नाहीत, ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मुलाला घेऊन जा. कॉम्प्युटर आणि फोन काही आठवडे ठेवून घेतील, पुन्हा बोलावतील, पण त्याच्यावर कसला आरोप ठेवलेला नाही. आधीच का आला नाहीत असंही विचारलं. मी म्हटलं, चुकलं. पुढे कळलं की त्या वरिष्ठ संकलकाने आणखी दोघांना अशीच तिकिटं पाठवली होती. फुग्याकडच्या पत्रांवरून त्यातला एक निघण्याआधी सापडला, तोही नाटकांचे व्हिडिओ करणारा पोरगा. दुसऱ्याचा पत्ता लागला नाही. त्याच्याही आईने तारा उपटल्या असतील.

घरी आल्यावर मी चपलांसकट खुर्चीत बसले. मला ओळखणाऱ्या कोणी ते पाहिलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं. फुग्याने माझ्या पायांतल्या चपला काढून दाराशी नेऊन ठेवल्या, नीट, जोडीने. गेली कितीतरी वर्षं मी त्याला हेच शिकवत होते. मग दोघेही जेवलो आणि झोपलो. सकाळी दूधवाल्याने दार ठोठावून ठोठावून शेजारणीला विचारलं म्हणे, की मेट्रनबाई बऱ्या आहेत ना?

आता ओरडण्याचं कारण. माझ्या जुन्या हॉस्पिटलाला नव्या मुलींना शिकवण्यासाठी व्हिडिओ हवे आहेत: पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, चादर कशी बदलायची. मी फुग्याचं नाव सुचवलं. परवा मित्राचा कॅमेरा आणि कॉम्प्युटर घेऊन आला, आणि आत्ता पलंगावर शेजारणीला निजवून मला चादर बदलायला लावतो आहे. म्हणतो, तू पेशंटकडे बघण्याऐवजी माझ्याकडे बघतेस, पुन्हा कर. शेजारीण प्रत्येक वेळी हसते. यात गाणं नाही, झाक नाही, कट तर जवळजवळ नाहीच. माझे हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसले पाहिजेत, हे त्याचंच म्हणणं. काल मी विचारलं की इथे हा कट का केलास. त्याने कारण सांगितलं. मला कळलं नाही, पण मी पुन्हा विचारलं आणि त्याने पुन्हा सांगितलं. आता रोज एकतरी विचारते.

तुझ्या नोकरीचं काय झालं? खरं ते लिही. गेली असेल तर माझ्याकडे ये, इथे चादरी बदलायला माणसं कमी आहेत.

तुझं देणं लागते, पण ते फेडायच्या फंदात पडत नाही. आपल्यात हिशोब नको.

तुझी,
आत्या

दि. २ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात घेऊन मी खरोखरच आधी शेवट वाचायला पान उलटलं होतं. पहिल्या ओळीने पकडलंस.

नोकरी राहिली आहे, पण ती खोली सुटली. बाईंना मी सगळं लिहून दिलं. त्यांनी वर पाठवलं, वरून दटावणीचं पत्र आलं, पगारवाढ अडली. पण त्याच आठवड्यात आजोबांची ती ब्लँकेटची क्लिप काढली गेली, आणि तशा आणखी बऱ्याच. आता रक्त नसलं तरी भिंत बघतात, चेहरे जुळवून बघतात. बाईंनीच ते नवीन मुलींना शिकवायला घेतलंय. मला म्हणाल्या, तुझी या खोलीतली पाळी पुरेशी झाली. आता मी खोट्या लॉटरीच्या जाहिराती काढून टाकते. काल एकाने लोकांना चंद्रावरची जागा विकायला काढली होती, स्वयंपाकघरासकट. मी हसले तर शेजारची मुलगी दचकली. तिथे कोणाला हसण्याची सवय नाही.

आजोबांचं काही कळलं नाही, बहुधा कधी कळणार नाही. पण त्यांच्या खांद्यावरचं ते खोटं ब्लँकेट आपण काढून घेतलं, एवढं मनाला बरं वाटतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता घरी पडदा बघायला हरकत नाही, थोडं थोडं सुरू करा. काय बघावं ते मला सुचेना. आणि परवा फुग्याचं पाकीट आलं. त्याने माझ्या लग्नाचा व्हिडिओ पुन्हा केला आहे. निरोपातलं व्हायोलिन काढून टाकलं. बाबांचे पुसलेले डोळे उचलून मूळ जागी, जेवणाच्या मांडवात नेले आणि मधली शिंक परत घातली, अख्खी. आत्या, ती शिंक केवढी आहे! मागच्या रांगेतला वाढपी भांडं सांभाळत एका पायावर उभा राहतो, माझे सासरे मान खाली घालतात, आणि तू पलीकडून बाबांना रुमाल फेकून मारतेस. निरोपात बाबा आता नुसते उभे आहेत. रडत नाहीत. दोन्ही हात मागे घेऊन गाडी वळेपर्यंत उभे आहेत, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही तसेच. इतकी वर्षं त्या शिंकेखाली हे झाकलं गेलं होतं.

बाबांना दाखवला. शिंक आपली नाही असं त्यांचं ठाम मत आहे. आवाज नंतर भरला आहे म्हणतात, फुग्याला जाब विचारणार आहेत. त्यासाठी आम्ही सगळेच पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येतो आहोत. शेजारणीला तोवर काही सांगू नका.

तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला. पूर्ण पडद्यावर, सगळ्या रंगांत, आवाज मोठा करून.

तुझी आणि फुग्याची,
साळू